गावाला नको, गुहागरला जा

पत्र : ताई, माझं वय ४७. ठाण्यात राहते. घरी मिस्टर, सासूबाई आणि इंजिनीअरिंगला असलेली मुलगी. सासर राजापूरकडचं, त्यामुळे लग्न झाल्यापासून गणपतीला आणि शिमग्याला गावी जाणं होतं. पण गाडीतून उतरलं की थेट चुलीपाशी. इतकी वर्षं कोकणात जाते आहे आणि समुद्रावर निवांत बसलेय असं एकदाही आठवत नाही. यंदा गणपतीहून परत आल्यापासून एकच मनात आहे, चार दिवस एकटीने कुठेतरी जावं. मी आजवर एकटी कुठेच राहिलेले नाही. तिकीट काढणं, रिक्षावाल्याशी बोलणं, पैसे देणं, सगळं मिस्टर बघतात. ते म्हणाले, 'गावाला जा की, आपलंच घर आहे.' मुलगी म्हणते, 'मी सगळं ऑनलाइन बुक करून देते.' मैत्रीण म्हणते, बायकांच्या ग्रुप टूरला चल. सासूबाई काहीच बोलत नाहीत आणि तेच जास्त लागतं. मला घराचा कंटाळा आलेला नाही, मग असं का वाटतंय? आणि खाणावळीत एकटी जेवायला बसले तर लोक काय म्हणतील, या विचारानेच पोटात गोळा येतो. काय करू?

उत्तर :

प्रिय मैत्रिणी,

'मला घराचा कंटाळा आलेला नाही' हे तुम्ही मूळ पत्रात दोनदा लिहिलं आहे. कुणी तसं म्हटलेलं नसताना तुम्ही खुलासा देताय. तो खुलासा आधी थांबवा. घरावर जीव असणं आणि चार दिवस एकटीने बाहेर राहावंसं वाटणं, दोन्ही एकाच बाईच्या मनात सुखाने नांदू शकतं.

नुसती विश्रांती हवी असती तर तुम्ही माहेरी गेला असता. तुमचं पत्र वाचून मला दिसतं ते असं, की कुणाला न विचारता आपलं आपल्याला जमतं का, हे तुम्हाला बघायचं आहे. कुठल्या गाडीने जायचं, किती वाजता उठायचं, काय खायचं, रिक्षावाल्याने जास्त पैसे मागितले तर काय बोलायचं, असे बारीकसारीक निर्णय वर्षानुवर्षं दुसऱ्याने घेतले की आपल्याला ते जमतच नाहीत असं वाटायला लागतं. तेव्हा या सहलीचा प्रत्येक बेत एकाच प्रश्नावर तपासा : हे कोण ठरवतंय?

या प्रश्नावर गावचं घर पहिल्याच फटक्यात बाद होतं. मिस्टर प्रेमानेच सुचवतात, पण तिथे तुम्ही अमक्यांची सून आहात. पोचल्या पोचल्या शेजारच्या घरून हाक येईल, 'एकटीच आलीस? बरं आहे ना सगळं?' संध्याकाळपर्यंत वाडीभर चौकशी सुरू होईल, दुसऱ्या दिवशी कुणीतरी जेवायला येईल आणि तुम्ही विळीवर नारळ खवत बसाल. ग्रुप टूरमध्ये मजा येते, नंतर जरूर जा. पण तिथे सकाळी सहाला गरम पाणी, साताला नाश्ता, आठला बस, हे टूरवाला ठरवतो. तुम्हाला जे शिकायचं आहे ते नेमकं त्यातून वगळलेलं असतं.

मुलीचं थोडं वेगळं आहे. तिला शेजारी बसवा, पण मोबाइल तुमच्या हातात राहू दे. रेल्वेच्या आरक्षणाचं खातं तुमच्या नावाने उघडा, पासवर्ड तुम्ही ठरवा. रेल्वेचं आरक्षण प्रवासाच्या ६० दिवस आधी सुरू होतं, तेव्हा घाई न करता दोन-तीनदा नुसता सराव करता येईल. चुकलं तर पुन्हा करायचं. मुलीने 'आण, मी करते पटकन' म्हटलं की हात मागे घ्यायचा नाही. माझ्या मते ही सहल स्टेशनवर सुरू होत नाही, या तिकिटापाशी सुरू होते, म्हणून यावर इतकं लिहिते आहे.

जागा मी सुचवते, पटली नाही तर बदला. गुहागर. ना फार मोठं, ना अगदी आडवळणी. बाजारपेठेत व्याडेश्वराचं देऊळ, तिथून समुद्र चालत. खालचा पाट आणि वरचा पाट अशी गावाची लांबच लांब वस्ती, दोन्ही बाजूंना घरं, घरांमागे नारळी-पोफळीच्या वाड्या आणि त्या वाड्या संपतात तिथे वाळू. तुमच्यासारख्या पहिल्यांदा एकटीने निघालेल्या बाईला हे सोयीचं आहे, कारण रस्ता चुकायची सोयच कमी. एका हाताला समुद्र धरला की माणूस आपल्या घरी पोचतो. मालवण, तारकर्ली सुंदरच आहे, सिंधुदुर्ग किल्ला तर बघायलाच हवा, पण तो प्रवास लांबचा आणि पर्यटकांची धांदलही जास्त. ते पुढच्या वेळी.

कधी जायचं? तुळशीची लग्नं उरकली की मार्गशीर्ष लागायच्या आत. दिवाळीच्या सुट्टीची गर्दी ओसरलेली असते, गुरुवारचे उपास अजून सुरू झालेले नसतात, कोकण रेल्वेचं पावसाळी वेळापत्रकही संपलेलं असतं. सोमवारी निघा, गुरुवारी परत या. शनिवार-रविवारी मुंबई-पुण्याच्या गाड्यांची रीघ लागते आणि खोल्यांचे भाव वाढतात.

मांडवी एक्सप्रेस सकाळी ठाण्याला थांबते. तीत बसलात की साधारण जेवणवेळेला चिपळूण येतं. शेंगदाण्यांची पुडी, पाण्याची बाटली आणि खिडकी, एवढं पुरे. चिपळूणचं स्टेशन गावाबाहेर वालोप्याला आहे, तिथून एसटी स्टँडपर्यंत रिक्षा करावी लागते. इथे तुमचा पहिला व्यवहार. गाडीतच शेजारच्या प्रवाशाला विचारून ठेवा, स्टँडपर्यंत किती घेतात. मग रिक्षात बसायच्या आधी भाव विचारायचा, बसल्यावर नाही. जास्त सांगितला तर 'एवढे होत नाहीत दादा' म्हणून दुसऱ्या रिक्षाकडे वळायचं. पाच पावलं चाललात की मागून हाक येते.

स्टँडवर गुहागरची एसटी. साधारण ४५ किलोमीटर, दीडेक तास धरा. मार्च २०२३ पासून महाराष्ट्रात एसटीला बायकांना अर्धं तिकीट आहे, हे तुम्हाला ठाऊक असेलच, पण गावी जाताना तेही मिस्टरच काढत असतील. या वेळी कंडक्टरला 'एक गुहागर' तुम्ही म्हणा.

आता राहण्याचं. मोठं रिसॉर्ट घेऊ नका, तिथे एकटीला भकास वाटतं. गुहागरात घरगुती राहण्या-जेवणाची सोय करणारी बरीच कुटुंबं आहेत. घरमालक त्याच आवारात राहतात, असंच घर बघा. फोन तुम्ही करायचा. पलीकडून विचारतील, 'किती जण?' तुम्ही म्हणाल, 'मी एकटी.' मग क्षणभर गप्प, आणि 'एकट्याच?' यावर तुमचं उत्तर एवढंच : 'हो, एकटीच. सोमवार ते गुरुवार, तीन रात्री.' मिस्टरांना सुट्टी नाही, मुलीची परीक्षा आहे, असलं काही जोडू नका. खोटं तर अजिबात नको. काही ठिकाणी 'एकट्या बाईला खोली देत नाही' असंही ऐकायला मिळेल. वाईट वाटेल, पण वाद घालत बसू नका, पुढचा नंबर लावा. जिथे नीट बोलतील तिथे बाकीचं विचारून घ्या : खोलीला आतून कडी नीट लागते का, बाथरूम खोलीलाच आहे का, संध्याकाळी वाडीतल्या वाटेवर दिवा असतो का, जेवण घरचं मिळेल का आणि किती वाजेपर्यंत. आधार कार्ड जवळ ठेवा, ते मागतातच.

माझ्या ओळखीच्या एक काकू गुहागरात खोल्या देतात. त्या सांगतात, एकटी आलेली बाई पहिल्या सकाळी चहा झाला की आपला कप विसळायला मागच्या दारी येते. मोरीपाशी उभी राहून विचारते, 'घासणी कुठे आहे?' काकू कप तिच्या हातातून काढून घेतात आणि तिला ओटीवर नेऊन बसवतात. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा येते. तिसऱ्या दिवशी येत नाही. तुम्हीही जाल बघा त्या मोरीकडे. काकूंनी हात पुढे केला की कप देऊन टाका.

आणि याच संदर्भात, निघायच्या आधी चार दिवसांच्या भाज्या करून फ्रीजमध्ये डबे रचून ठेवू नका. मी हे कळकळीने सांगते आहे. घरात तीन मोठी माणसं आहेत, ती वरण-भात लावू शकतात. डबे भरून ठेवलेत तर तुमचं अर्धं मन त्या डब्यांत राहील.

आता तुमच्या पोटातल्या गोळ्याकडे येते, खाणावळीत एकटीने जेवण्याकडे. नाश्ता आणि रात्रीचं जेवण मुक्कामाच्या घरी घ्या, पण एक दुपार तरी मुद्दाम बाजारातल्या खाणावळीत जा. साडेबाराच्या सुमाराला, गर्दीच्या जरा आधी. आत गेल्यावर 'एकच ताट' असं स्पष्ट सांगा. कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून बसू नका, आणि मोबाइलमध्ये डोकं खुपसून तर मुळीच नको. आजूबाजूला बघा. एसटीचा ड्रायव्हर एकटा जेवतो आहे, औषधं विकायला आलेला मुलगा एकटा जेवतो आहे, तालुक्याच्या कामाला आलेले कुणी आजोबा एकटे जेवताहेत. इथे रोज माणसं एकटीच जेवतात. दाराशी चार नजरा वळतील, ताट येईपर्यंत परतही जातील.

मग ताट समोर येईल. गरम भात, वर आमटी, बाजूला सोलकढी, मासे खात असाल तर तव्यावरून उतरलेली तुकडी. इथे मला तुम्हाला एक विचारायचं आहे. गावच्या घरी पंगती उठल्यावर, सगळ्यांचं झाल्यावर, शेवटच्या पंगतीला बसून तुम्ही काय जेवता? गार झालेला भात, भांड्याच्या तळाशी उरलेला रस्सा, माशाच्या शेपटीकडचा तुकडा. आणि तेही एक कान 'पाणी आण गं'कडे ठेवून. त्या खाणावळीत कुणीतरी तुम्हाला दुसऱ्यांदा भात विचारायला येईल. घ्या. सोलकढी आवडली तर पुन्हा मागा. सावकाश जेवा. पहिल्या दिवशी घास गिळताना अवघडल्यासारखं होईल, त्यात काही वावगं नाही. दुसऱ्या दिवशी त्याच जागी पुन्हा जा.

दिवस कसे घालवायचे ते मी आखून देणार नाही, पण एक फेरी नक्की सुचवते. गुहागरहून धोपाव्याला जायचं, तिथून फेरीबोटीने खाडी ओलांडून दाभोळला. ही खाडी म्हणजे वाशिष्ठी, चिपळूणला ओलांडलेली तीच नदी, इथे समुद्राला मिळते. बोटीत आधी गाड्या चढतात, मग मोटारसायकली, मग कडेकडेने माणसं. कठड्याला धरून उभं राहायचं. दाभोळ म्हणजे एके काळचं बहमनी आणि आदिलशाही राजवटीतलं बडं बंदर. आज धक्क्यावर मासे, बर्फ आणि जाळी, आणि जवळच सतराव्या शतकातली दगडी मशीद. गुहेतलं चंडिकेचं देऊळही इथलंच. निघण्याआधी परतीच्या फेरीची वेळ विचारून घ्या आणि दिवस मावळायच्या आत परत या. ही फेरी सुचवण्याचं कारण असं, की एसटी किंवा रिक्षा, मग बोट, मग पलीकडे पुन्हा चौकशी, एवढे चार-पाच निर्णय एका दिवसात तुमचे तुम्हाला घ्यावे लागतात आणि तरी गोष्ट आवाक्यातली राहते. हेदवीची बामणघळ, जिथे भरतीचं पाणी खडकाच्या चिरेत घुसून उंच उसळतं, ती बघायची असेल तर तिसऱ्या दिवशी. तिथे अगदी कडेला जायचं नाही, खडक निसरडे असतात.

समुद्राचं बोलायला हवं. आमच्याकडे कोकणात दर वर्षी पाहुणे बुडतात, आणि बहुतेक वेळा 'इथेच तर होतो, गुडघाभर पाण्यात' एवढंच मागे राहिलेल्यांना सांगता येतं. तुम्ही एकट्या आहात, पोहायला उतरू नका. पावलं भिजवा, पोटरीपर्यंत जा, बस. पाण्यात शिरायच्या आधी तिथल्या माणसाला विचारा, भरती आहे की ओहोटी. हे तुमचं तुम्हालाही काढता येतं. कोळी आणि खारवी मंडळी वापरतात तो हिशोब सोपा आहे : तिथीचा आकडा घ्या आणि त्याची पाऊणपट करा. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहाच्या सुमाराला पूर्ण भरती. एकादशीला सव्वाआठ. पौर्णिमेला आणि अमावास्येला सव्वाअकराच्या आसपास. वद्य पक्षातही हाच हिशोब. भरती दिवसातून दोनदा येते, तेव्हा घड्याळातली साधारण तीच वेळ दोन्ही खेपेला, एकदा दुपारच्या आधी आणि एकदा नंतर, आणि दोन भरत्यांच्या मधोमध ओहोटी. हा अंदाज आहे, मिनिटाचा पक्का नाही, पण वाळूवर किती वेळ बसता येईल ते कळायला पुरतो. घरात तिथी पाहणारं माणूस बहुधा तुम्हीच आहात. उपासासाठी बघता ती तिथी इथे समुद्रासाठी बघा.

संध्याकाळी किनाऱ्यावर माणसं असतात तिथेच बसा. अंधार पडला की सुरूच्या बनातून शॉर्टकट घेऊ नका, रस्त्याने या. ११२ हा तातडीच्या मदतीचा नंबर आणि रेल्वेसाठी १३९, दोन्ही मोबाइलमध्ये घालून ठेवा. पैसे दोन ठिकाणी ठेवा. रोख बाळगाच, कारण रेंज गेली की मोबाइलवरून पैसे जात नाहीत.

घरी फोन दिवसातून एकदा, ठरलेल्या वेळेला. आठ वाजता म्हटलं तर आठ वाजता. त्यांचीही काळजी खरी आहे, तिला मान द्या. पण दिवसभर 'हे करू का, इथे जाऊ का' असं विचारत राहिलात तर ठाण्यातच राहिलात. आणि मिस्टरांनी 'गॅसचं पुस्तक कुठे आहे' म्हणून फोन केला तर जागा सांगा, पण परत जायचं मनात आणू नका.

पहिली रात्र जड जाईल. खोलीत शांत वाटेल, बाहेर नारळाची झापं वाजतील, वाडीत काहीतरी पडल्याचा आवाज येईल आणि तुम्हाला वाटेल, काय हा शहाणपणा केला आपण. कदाचित रडूही येईल. त्या रात्री काहीच ठरवू नका. परतायचंच असेल तर दुसऱ्या दिवशी दुपारचं जेवण झाल्यावर ठरवा. तेव्हाही परतावंसं वाटलं तर खुशाल परता, तिकीट तुमचं तुम्ही बदला. तेही तुम्हीच केलेलं असेल.

मिस्टरांना विचारू नका, सांगा. 'मी जाऊ का?' आणि 'मी या सोमवारी जाते आहे, गुरुवारी रात्री घरी येईन' यांतला फरक त्यांना लगेच कळेल. आवाज चढवायची गरज नाही. ते दोन दिवस गप्प राहतील कदाचित. गाडीचं, खोलीचं, घरमालकांच्या फोन नंबरचं सगळं एका कागदावर लिहून फ्रीजवर लावा. त्यांचा विरोध बराचसा काळजीतून आहे असं तुमच्या पत्रावरून वाटतं, आणि काळजीला माहिती दिली की ती थोडी निवते.

राहता राहिल्या सासूबाई. त्या बोलत नाहीत म्हणजे त्यांना राग आहे, असं तुम्ही गृहीत धरलं आहे. मला तशी खात्री नाही. त्या पिढीतली बाई राजापुराकडून ठाण्याला आली, तिने आयुष्यात एकटीने किती प्रवास केला असेल? सुनेने असं काही मनात आणल्यावर काय बोलावं, हेच तिला सुचत नसेल. तिकीट निघालं की त्यांना आधी तुम्ही स्वतः सांगा, मुलाकडून किंवा नातीकडून कळायच्या आत. दुपारचा चहा झाल्यावर, घरात बाकी कुणी नसताना. आणि सांगून झालं की लगेच उठू नका. थोडा वेळ तिथेच बसा, त्यांना काही विचारायचं असेल तर विचारू द्या.

तुमची,
ताई